जांभळ्या फाउंटन ग्रासला आपली थंडी नव्हे, आपला जुलै सोसत नाही

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या गेटपाशी, पाम बीच रोडलगतच्या इमारतींसमोर, हॉटेलांच्या दारातल्या चौकोनी कुंड्यांत हल्ली एक गवत हमखास दिसतं. गर्द जांभळी, अरुंद, बाहेरच्या बाजूला झुकलेली पानं आणि त्यांच्यावर वाऱ्याने डोलणारे केसाळ, गुलाबी-जांभळे तुरे. नर्सरीत त्याला फाउंटन ग्रास म्हणतात, कुणी रेड म्हणतं, कुणी पर्पल. लेबल असलंच तर त्यावर पेनिसेटम लिहिलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत ते इतकं देखणं असतं की बघणाऱ्याला एखादी कुंडी घरी न्यावीशी वाटतेच. आणि त्यातल्या बऱ्याच कुंड्या दिवाळीपर्यंत रिकाम्या होतात.

मग लोक मोबाइलवर शोधाशोध करतात. तिथे मिळणारी बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतल्या बागांसाठी लिहिलेली असते: हे गवत नाजूक आहे, हिम पडायच्या आत घरात घ्या, पारा शून्याखाली गेला तर वाचणार नाही. ते वाचून माणूस थंडीची धास्ती घेतो. आमच्या सोसायटीत नोव्हेंबर लागला की कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, थंडी सुरू झाली, कुंडी आत घेऊ का?" मुळीच घेऊ नका. ठाण्यात किंवा नवी मुंबईत हे गवत थंडीने मरत नाही. त्याला सोसत नाही तो आपला जुलै, आणि जुलैत बिघडलेलं ऑक्टोबरात दिसतं. हे असं का, ते कळायला तापमान आणि हवेतली आर्द्रता या दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. एकेकट्या पाहिल्या तर फसगत होते.

बाजरीच्या घराण्यातलं गवत

पेनिसेटम हे नाव अनोळखी वाटलं तरी त्या घराण्याशी आपली जुनी ओळख आहे. बाजरी याच प्रजातीतली. गुरांसाठी लावतात ते हत्ती गवत, म्हणजे नेपियर, तेही याच प्रजातीतलं. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही सगळी मंडळी सेंक्रस या प्रजातीत घातली, त्यामुळे काही लेबलांवर तेही नाव दिसेल, झाड तेच. फाउंटन ग्रासचं रानटी मूळ उत्तर आणि पूर्व आफ्रिकेतल्या, तसंच अरबस्तानाच्या बाजूच्या कोरड्या, उन्हाच्या प्रदेशांत आहे. जांभळ्या पानांचा बागेतला वाण 'रुब्रम' नावाने ओळखला जातो. तो सहसा उगवणारं बी धरत नाही, म्हणून त्याचा ठोंब फोडूनच नवी रोपं करतात.

बाजरीचं नातं लक्षात ठेवलं की निम्मं कोडं तिथेच सुटतं. बाजरी कुठे होते? अहिल्यानगर, नाशिक, धुळे, साताऱ्याच्या कोरड्या पट्ट्यात, जिथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी शेतकरी समाधानी असतो. शहापूर-मुरबाडकडे कुणी बाजरीच्या नादी लागत नाही. तिथे भात आणि नाचणी. ठाणे जिल्ह्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बाजरी फुलोऱ्यात असताना पावसाची झड लागली की कणसातून गुलाबीसर चिकट थेंब गळू लागतात, त्याला अरगट म्हणतात. ओल आणि ढगाळ हवेत गोसावीही पडतो, म्हणजे कणसात दाण्यांच्या जागी पानांचे झुपके येतात. बाजरीवाल्या शेतकऱ्याला पावसाच्या कमीपणाइतकीच अवेळी झडीची भीती असते. शोभेच्या या नातलगाची गत वेगळी कशी असेल?

थंडीचं भय कुठून आलं

थंडीने पान मरतं म्हणजे नेमकं काय होतं ते आधी पाहू, म्हणजे आपल्याकडे ती भीती का नाही हेही कळेल. हवा शून्याखाली गेली की बर्फ आधी पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत धरतो. तो बर्फ पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आटत जाते, तिचं बाहेरचं नाजूक पटल फाटतं. गारठा एकदम आणि जोराचा असेल तर बर्फ थेट पेशीच्या आतच तयार होतो आणि मग तिचं काहीच शिल्लक राहत नाही. सकाळी ऊन पडून बर्फ वितळला की पान लुळं, पाणचट होतं आणि दुपारपर्यंत काळं पडतं.

थंड मुलखातली गवतं हिवाळ्याआधी तयारी करतात: पेशींत साखर साठवतात, पटलांतली चरबी बदलतात, म्हणजे गारठ्यात ती ताठर होत नाहीत. फाउंटन ग्रासला ही तयारी नीट येत नाही, कारण त्याच्या पूर्वजांना तशी वेळ फारशी आलीच नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून विभाग पाडले आहेत. त्यांतल्या ९ ते ११ या उबदार विभागांतच हे गवत वर्षानुवर्षं टिकतं, आणि ९ मध्येही ते काठावरच असतं. विभाग १० म्हणजे साधारण उणे १ ते ४.४ अंश सेल्सिअस एवढी वार्षिक नीचांकाची सरासरी. त्याहून थंड गावांत लोक ते एका हंगामापुरतंच लावतात.

आता आपल्याकडचा हिशेब. सांताक्रूझच्या वेधशाळेतला आजवरचा नीचांक ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चा. म्हणजे नोंदीतली सगळ्यात कडाक्याची रात्रदेखील शून्यापासून बरीच दूर होती. एरवी ठाण्यात जानेवारीच्या रात्री पारा १५ ते १८ च्या घरात असतो; येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या डोंगराकडे तो आणखी थोडा उतरतो, इतकंच. एवढ्याने हे गवत मरत नाही, फक्त हळू वाढतं. रात्री १५ च्या खाली गेल्या की नवीन फुटवे येण्याचा वेग मंदावतो. उलट त्याच दिवसांत पानांचा रंग सर्वांत गडद होतो. हा जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. ते भरपूर उन्हात आणि थोड्या गार रात्रींत चांगलं साठतं. नर्सरीवाले नेमक्या त्याच वेळी हे गवत पुढे मांडतात, ते उगाच नव्हे.

नातेवाइकांसाठी म्हणून कुणी हे गवत निफाडला किंवा महाबळेश्वरला नेणार असेल, तर मात्र थंडीचा विचार करायला हवा. वेण्णा तलावाच्या काठी काही हिवाळ्यांत दव गोठून हिमकण होतात आणि त्याचे फोटो पेपरात येतात. निफाडच्या द्राक्षबागांत थंडीच्या लाटेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तिथे एक गोष्ट ध्यानात असावी. तापमापक ३ अंश दाखवत असतानाही पानावर हिम धरू शकतं. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र, निवांत रात्री उघड्यावरचं पान आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त गार होतं. म्हणून संध्याकाळी गोणपाट टाकलं तरी फरक पडतो.

उन्हाळा सोसतो, तापलेली कुंडी सोसत नाही

उष्णतेच्या बाबतीत हे गवत कणखर आहे. बाजरी, ज्वारी, मका, ऊस आणि हे गवत अन्न तयार करण्याची एक खास पद्धत वापरतात, तिला सी-४ म्हणतात. पानाच्या आत ते कार्बन डायऑक्साइड आधी एका जागी गोळा करतात आणि मग दाटीने दुसऱ्या पेशींना पुरवतात. त्यामुळे पानावरची सूक्ष्म छिद्रं अर्धवट मिटलेली असली तरी काम चालतं, आणि पाणी कमी खर्च होतं. ३०-३५ अंशांत, टळटळीत उन्हात ही पद्धत ऐन भरात असते. पण तिला जास्तीची ऊर्जा लागते, म्हणजे जास्तीचा उजेड लागतो. सावलीत ही गवतं मार खातात. हा मुद्दा पावसाळ्यात पुन्हा येणार आहे.

ठाण्याचा एप्रिल-मे पानांना बाधत नाही. बाधतो तो मुळांना, तेही कुंडीत. जमिनीतल्या मुळांवर मातीचा जाड थर असतो. पश्चिमेच्या बाल्कनीत, तापलेल्या लादीवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मात्र कडेची माती हवेपेक्षाही गरम होते आणि कडेला चिकटलेली बारीक मुळं भाजून जातात. पाणी पिण्याचं काम तीच करत असल्यामुळे माती ओली असूनही पानं सुरळी करून बसतात. मातीची किंवा सिमेंटची जाड कुंडी घ्यावी, नाहीतर प्लास्टिकची कुंडी एका मोठ्या कुंडीत बसवून मधली फट नारळाच्या शेंड्यांनी भरावी. समोरच्या इमारतीच्या काचांवरून ऊन परावर्तित होऊन येत असेल तर तिथे ठेवूच नये.

आर्द्रतेचा आकडा कसा वाचायचा

आता मुख्य गोष्ट. हवामानाच्या ॲपवर "आर्द्रता ९० टक्के" असं दिसतं, ते कशाचे ९० टक्के?

हवेत पाण्याची वाफ राहायला एक मर्यादा असते आणि ती मर्यादा तापमानाबरोबर वाढते. एक घनमीटर हवेत १० अंशांना साधारण ९ ग्रॅम वाफ राहू शकते, २० अंशांना १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम. दर दहा अंशांना जवळपास दुप्पट. टक्केवारी सांगते की या मर्यादेपैकी किती भाग आधीच भरला आहे. झाडाला मात्र उरलेल्या जागेशी कर्तव्य असतं, कारण पानातून निघालेलं पाणी त्या जागेतच जाणार असतं.

जुलैतली दुपार घ्या: २८ अंश, आर्द्रता ९० टक्के. मर्यादा २७ ग्रॅमची, त्यातले चोवीस-पंचवीस भरलेले. उरली तीन ग्रॅमचीही नव्हे एवढी जागा. ऑक्टोबरातली दुपार घ्या: ३४ अंश, ५० टक्के. मर्यादा ३७ ग्रॅमच्या वर, अर्धी भरलेली. उरली अठरा-एकोणीस ग्रॅमची जागा. टक्केवारी निम्मीही झाली नाही, पण हवेची तहान सहा-सात पट वाढली. जुलैत बाल्कनीतल्या दोरीवर कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात आणि ऑक्टोबरात दुपारच्या दुपारी खडखडीत वाळतात. पानातून पाणी उडण्याचंही अगदी तसंच आहे. तळेगाव-नाशिककडचे पॉलिहाऊसवाले या तहानेला व्हीपीडी (वाफेच्या दाबातली तूट) म्हणतात आणि तिचा आकडा बघून फॉगर, म्हणजे धुक्यासारखा फवारा, कधी चालवायचा ते ठरवतात. वर घेतलेल्या जुलैच्या दुपारी तो आकडा ०.४ किलोपास्कलच्या जवळ येतो, ऑक्टोबरच्या दुपारी २.६ च्या वर.

आणखी एक बारकावा. जानेवारीच्या पहाटेही आर्द्रता ९० टक्के दिसू शकते, म्हणून घाबरायचं कारण नाही. १७ अंशांच्या हवेत ९० टक्के म्हणजे फक्त १३ ग्रॅम वाफ. तीच हवा दुपारी ३१ अंशांपर्यंत तापली की तेवढीच वाफ मर्यादेच्या ४० टक्क्यांवर येते. पहाटेचं दव नऊ-दहा वाजेपर्यंत उडून जातं. जुलैत दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरकच पडत नाही. २५ ते २९ अंशांच्या मध्येच सगळं घुटमळतं, आणि वाफ भरलेलीच राहते. झडीच्या आठवड्यात पान सकाळी ओलं, दुपारी ओलं, रात्रीही ओलं. म्हणून मी तरी आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा पान सलग किती तास ओलं राहतं तेच पाहते. करपा, तांबेरा आणि पानांवरचे ठिपके पाडणाऱ्या बुरशांचे बीजाणू रुजायला पानावर काही तास सलग ओल लागते. मध्येच उघडीप मिळून पान वाळलं तर त्यांतले बरेचसे वाया जातात.

जुलैत मातीखाली काय चालतं

पानातून पाणी उडणं थांबलं की वर ओढणारा जोर संपतो, आणि मुळं पाणी घ्यायची जवळपास थांबतात. वरून पाऊस सुरूच असतो. म्हणजे कुंडीत पाणी येत राहतं आणि वापरलं काहीच जात नाही. मातीतल्या बारीक पोकळ्यांत एरवी हवा असते, तिथे आता पाणी भरतं. मुळांनाही श्वास लागतो, आणि प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो.

इथेच थंड देशातला सल्ला आपल्याला चकवतो. तिकडच्या बागेत पाऊस पडतो तेव्हा माती दहा-पंधरा अंशांची असते. १० अंशांच्या पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू विरघळलेला राहू शकतो. ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढलं की मुळांचा श्वासोच्छ्वास साधारण दुप्पट होतो. म्हणजे आपल्या पावसाळ्यात मुळांना प्राणवायू जास्त हवा असतो आणि पाण्यात तो कमी असतो. गार मातीत दोन-चार दिवस तुंबलेलं पाणी झाड निभावून नेतं. तेवढंच पाणी आपल्या कोमट मातीत त्याचा जीव घेऊ शकतं.

ढगांचा मार वेगळाच. सी-४ गवताला लख्ख ऊन हवं, आणि आर्द्रा नक्षत्रापासून म्हाताऱ्या पावसापर्यंत सूर्य धड दिसतही नाही. अन्न कमी तयार होतं, नवीन मुळं फुटायला बळ उरत नाही, जांभळा रंग फिकट होऊन हिरवट झाक येते. कुजलेल्या मुळांच्या जागी नवी मुळं काढायची तर नेमक्या त्याच वेळी हाती शिधा नसतो.

ऑगस्टमध्ये एखाद्या उघडिपीला कुंडीजवळ बसून गवताचा ठोंब दोन्ही हातांनी मधोमध उघडून पाहा. वरून पानं ठीकठाक दिसत असतील. आत, मातीलगत, जुनी वाळकी पानं एकावर एक चिकटून त्यांचा ओला थर झालेला असतो. बोटाने ओढलं तर काही फुटवे बुंध्यापासून सहज निघून हातात येतात, त्यांचं खालचं टोक तपकिरी आणि बुळबुळीत असतं. मातीला आंबूस वास येतो. कुंडीच्या भोकातून डोकावणारं एखादं मूळ चिमटीत धरून ओढा. निरोगी मूळ पांढरट आणि ताठ असतं, तुटताना जाणवतं. कुजलेल्या मुळाची साल चिमटीतच सरकून निघते आणि आतला बारीक दोरा तेवढा उरतो. माळीमामा अशा कुंडीकडे नुसतं पाहून सांगतात, "मुळाला पाणी लागलंय." निदान पक्कं असतं.

आणि तरीही झाड लगेच मरत नाही, कारण हवेला तहानच नसते. तीन-चतुर्थांश मुळं गेली तरी उरलेली मुळं जुलै-ऑगस्टची किरकोळ मागणी भागवतात. हस्ताचा पाऊस सरतो, ऊन तापतं, हवेची तहान आठ-दहा दिवसांत कित्येक पट होते, आणि मग पुरवठा करायला मुळंच नसतात. पानं टोकाकडून वाळत येतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो दोन वेळा पाणी घालतो, आणि उरलीसुरली मुळंही कुजतात. माझ्या पाहण्यात या गवताचं सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजातून होतं. ऑक्टोबरात पानं वाळताना दिसली तर झारीला हात घालण्याआधी कुंडी हलवून बघावी. जड लागली आणि पानं तरीही वाळत असतील तर दोष पाण्याच्या कमतरतेचा नाही. अशा वेळी पाणी थांबवावं, पानं अर्ध्यावर छाटावीत म्हणजे मागणी कमी होते, आणि कुंडी चार-सहा दिवस सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा जागी ठेवावी. बुंध्यात चार पांढरी मुळं शिल्लक असली तरी गवत सावरतं.

आपल्या हवेचं वेळापत्रक

तिकडच्या बागेत छाटणी वसंत ऋतूच्या तोंडावर करतात. आपल्याकडे ती मेच्या मध्यावर करावी, पाऊस यायच्या दोन-तीन आठवडे आधी. पानं मातीपासून वीतभर ठेवून कापली आणि ठोंबाच्या आतली वाळकी पानं हाताने उपसून काढली की मृगाच्या पावसाला कोवळे, सुटसुटीत फुटवे सामोरे जातात, त्यांच्यामधून वारा खेळतो. ऐन पावसात छाटू नये. कापलेल्या काड्यांच्या तोंडातून पाणी आत उतरतं आणि कूज बुंध्यापर्यंत जाते.

माती बदलायची वेळही मेचीच. आपल्याकडची लाल माती आणि शेणखत एवढंच मिश्रण जुलैत लगद्यासारखं बसतं. त्यात निम्म्याच्या जवळपास भरड वाळू, बारीक खडी किंवा विटांचे बोराएवढे तुकडे मिसळावेत. कोकोपीट या गवतासाठी नको, ते पाणी फार वेळ धरून ठेवतं. कुंडीखालची ताटली जूनमध्ये काढून टाकावी आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी, म्हणजे भोकं मोकळी राहतात. पावसाळ्यात खत नको. उजेडाविना वाढलेली लुसलुशीत पानं बुरशीला लवकर बळी पडतात.

छपराखाली ठेवायचं की उघड्यावर, हा प्रश्न खरा अवघड आहे. छपराखाली पाऊस लागत नाही, पण उजेडही मिळत नाही. निचरा पक्का असेल तर मी उघड्यावरच ठेवण्याच्या बाजूची आहे, कारण उघडिपीत मिळणारं दोन तासांचं ऊन आणि वारा पानं वाळवून टाकतात. दोन टॉवरच्या मधल्या अंधाऱ्या बोळात, तळमजल्यावर, जिथे भिंतींवर शेवाळ धरतं, तिथे हे गवत लावण्यात अर्थ नाही. उंच मजल्यावरच्या वाऱ्यात पानं लवकर वाळतात. तुरे मोडतात, पण ते पुन्हा येतात.

इनडोअर झाडांसाठी सांगितलेले उपाय, म्हणजे पानांवर फवारा मारणं, खड्यांच्या ताटलीत पाणी ठेवणं, या गवताला वर्षाच्या कुठल्याही महिन्यात लागत नाहीत. एसीच्या खोलीतही ते ठेवू नये. तिथली कोरडी हवा चालून गेली असती, पण उजेड पुरत नाही.

वाशी-नेरुळ-ऐरोलीच्या खाडीकडच्या बाजूला हिवाळ्यापासून मेपर्यंत पानांची टोकं करपलेली दिसतात, त्याला अनेकदा क्षार कारणीभूत असतात. बोअरचं मचूळ पाणी घातलं की कोरडी हवा पाणी उडवून नेते आणि क्षार पानांच्या टोकांशी व मातीत साठत जातात. आठ-पंधरा दिवसांतून एकदा कुंडीत महापालिकेचं पाणी भरपूर घालून ते खालून वाहू द्यावं. नोव्हेंबर ते मे एवढ्याच काळात हे करायचं. पुढचं काम पाऊस करतो.

ठोंब फोडायला आपल्याकडे दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. दिवस उबदार, रात्री गार, पावसाची कटकट नाही आणि ऑक्टोबरचा ताव उतरलेला. धारदार सुरीने ठोंबाचे असे भाग करावेत की प्रत्येकाला पाच-सहा फुटवे आणि पांढरी मुळं येतील. मधला जुना, पोकळ झालेला भाग टाकून द्यावा. पानं अर्धी कापून लावावं. जूनमध्ये सगळं जग झाडं लावतं म्हणून हेही फोडून लावण्याची पद्धत आहे, पण ताज्या कापाला सलग ओल मिळाली की तिथूनच कूज सुरू होते.

विकत घेताना एक खबरदारी. जांभळा वाण बी पाडून पसरत नाही, पण त्याचा हिरव्या पानांचा रानटी भाऊ भरपूर बी पाडतो. हवाई बेटांवर आणि ॲरिझोनात तो माळरानांवर पसरला आहे, आणि वाळल्यावर वणव्याला इंधन पुरवतो. युरोपियन संघाने २०१७ मध्ये त्याला घातक परकीय जातींच्या यादीत टाकलं. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, तेव्हा त्या बाजूच्या बंगल्यांत आणि सोसायट्यांत हिरवं फाउंटन ग्रास लावू नये, आणि छाटलेले तुरे जंगलाच्या कडेला टाकू नयेत.

सोसायटीत एखादी जागा अशी असतेच जिथे पावसाचं पाणी तुंबतं आणि काही केल्या निचरा होत नाही. तिथे फाउंटन ग्रासचा हट्ट धरण्यापेक्षा वाळा लावावा. त्याला तुरे तितके देखणे येत नाहीत आणि रंगही हिरवाच, पण तो आपल्या मातीतला आहे, पाण्यात उभा राहिला तरी तगतो, उन्हाळा काढतो आणि त्याची मुळं खोल जाऊन उताराची माती धरून ठेवतात. पाऊस सुरू झाल्यावर लावला तरी चालतो.